जबड्यातल्या सिस्टची बायोप्सी: अस्तराबरोबर दाताचा पत्ताही पाठवा

मागच्या उन्हाळ्यात जत तालुक्यातून एक कुपी माझ्या टेबलावर आली. इंजेक्शनची रिकामी कुपी, तोंड करंगळीएवढं. आत सलाइन, सलाइनमध्ये कापसाचा बोळा आणि बोळ्याला चिकटलेला नखाएवढा पांढुरका पापुद्रा. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘खालच्या जबड्यातली गाठ, डावी बाजू.’ वय नाही, एक्स-रे नाही, त्या जागी दात होता की नव्हता याचाही उल्लेख नाही. कुपी फोडल्याशिवाय तुकडा निघेना. दोन दिवस सलाइनमध्ये राहून पेशी सडल्या होत्या. ‘निदानास अपुरा नमुना’ असं लिहून द्यावं लागलं, आणि द्राक्षबागेत रोजंदारी करणारा तो माणूस रोजगार बुडवून पुन्हा भूल घ्यायला आला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती.

सांगली-मिरजेत बसून तासगाव, विटा, आटपाडी, कराड, अगदी माण-खटावकडूनही आलेले नमुने मी वाचते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. म्हणून दवाखाना चालवणारे दंतवैद्य, इंटर्न आणि ओरल पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांच्यासाठी हा सगळा क्रम इथे लिहिला आहे. पहिले पाच टप्पे चेअरजवळचे, पुढचे दोन प्रयोगशाळेतले आणि शेवटचे दोन पुन्हा तुमच्या दवाखान्यातले.

## सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करा

जबड्याच्या हाडात एपिथेलियमच्या (पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींच्या) अस्तराच्या इतक्या गाठी, म्हणजे आत द्रव किंवा घट्ट माल भरलेल्या पिशव्यांसारख्या सिस्ट होतात, कारण दात घडवताना वापरलेल्या पेशींचा उरलासुरला माल तिथेच पडून राहतो. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात तोंडाच्या अस्तरातून डेंटल लॅमिनाची पट्टी आत उतरते. तिच्यावर कळी येते, कळीची टोपी होते, टोपीची घंटा होते. दात तयार झाल्यावर या पेशींचं काम संपतं, पण सगळ्याच मरत नाहीत. त्यांचे तीन साठे उरतात.

पहिला साठा डेंटल लॅमिनाचाच. पट्टी तुटते आणि तिचे तुकडे हिरडीत व हाडात राहतात. त्यांना सेरेसचे पेशीपुंज म्हणतात. ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ती ओकेसी, आणि लॅटरल पेरिओडोंटल सिस्ट यांचं मूळ इथे आहे.

दुसरा साठा दाताच्या डोक्यावरचा. इनॅमल तयार झालं की ते घडवणारा अवयव दबून पातळ होतो आणि क्राउनला, म्हणजे दाताच्या वरच्या भागाला, चिकटून राहतो. हे रिड्यूस्ड इनॅमल एपिथेलियम. ते आणि क्राउन यांच्यामध्ये पाणी साचलं की डेंटिजेरस सिस्ट होते. हे आवरण दाताच्या मानेपाशी, इनॅमल आणि सिमेंटम मिळतात त्या सीईजे रेषेवर संपतं, म्हणून डेंटिजेरस सिस्ट नेमकी त्या रेषेला चिकटलेली असते.

तिसरा साठा मुळाभोवतीचा. मुळाला आकार देणारं हर्टविगचं आवरण फाटतं आणि त्याचे अवशेष पेरिओडोंटल लिगामेंटमध्ये (मूळ आणि हाड जोडणाऱ्या तंतूंमध्ये) राहतात. हे मालासेझचे पेशीपुंज. दाताची नस मेली, मुळाच्या टोकातून दाह बाहेर आला की हे झोपलेले पुंज जागे होतात. त्यांची रॅडिक्युलर सिस्ट होते.

दाताच्या कोणत्या भागाला गाठ लागून आहे आणि दात जिवंत आहे की मेलेला, हे कळलं की गाठ कोणत्या साठ्यातून आली याचा अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा स्लाइड सांगते. पण एकटी स्लाइड पुष्कळदा पुरत नाही. दाह झालेली डेंटिजेरस आणि रॅडिक्युलर या दोन्हींची अस्तरं सूक्ष्मदर्शकाखाली मीही वेगळी ओळखू शकत नाही.

## टप्पा १: आधी दात मोजा, मग गाठ पाहा

रुग्णाला पाहताना सवयीने आपली नजर आधी सुजेवर जाते. इथे उलट क्रम ठेवा.

त्या बाजूचे सगळे दात मोजा. एखादा कमी असेल तर तो काढलेला आहे की मुळात आलेलाच नाही, हे विचारा. काढलेला असेल तर कधी? आपल्याकडे वयस्कर माणसं साल सांगत नाहीत, पण ‘महापुराच्या आधी की नंतर’ विचारलं की लगेच उत्तर देतात. मग ‘कुठला महापूर, २००५ चा की २०१९ चा?’ एवढं विचारून घ्या. काढलेल्या दाताच्या जागी वर्षानुवर्षं वाढत राहिलेली रेसिड्युअल सिस्ट ही रॅडिक्युलरचीच पुढची अवस्था असते, आणि तिचा सुगावा या एका प्रश्नातून लागतो.

मग गाठीला लागून असलेल्या प्रत्येक दाताची चेतना तपासा. थंड स्प्रे किंवा इलेक्ट्रिक पल्प टेस्टर, जे असेल ते वापरा. समोरच्या बाजूचा निरोगी दात तुलनेसाठी घ्या. दाढेला दोन-तीन मुळं असतात, त्यांतलं एक मेलेलं असलं तरी बाकीची प्रतिसाद देऊ शकतात. म्हणून दाढेचं उत्तर ‘जिवंत’ आलं तरी लगेच निश्चिंत होऊ नका.

एक्स-रेमध्ये काळी सावली कशाला लागून आहे ते पाहा: मुळाच्या टोकाला, मुळाच्या कडेला, न उगवलेल्या दाताच्या क्राउनला, की कशालाच नाही. न उगवलेल्या दाताभोवती फॉलिकलची (त्याला वेढणाऱ्या मऊ आवरणाची) नैसर्गिक जागा असतेच. ती ३-४ मिलिमीटरपर्यंत असेल तर घाबरायचं कारण नाही. ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की सिस्टचा संशय घ्यायचा. ओपीजीमध्ये (दोन्ही जबड्यांच्या एकत्र एक्स-रेमध्ये) चित्र मोठं दिसतं, हे मोजताना लक्षात ठेवा.

सावध: वरच्या दोन मधल्या पटाशीच्या दातांमधली बदामाच्या आकाराची सावली पाहून दोन्ही दातांचं रूट कॅनाल करून टाकलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ती नेझोपॅलेटाइन डक्ट सिस्ट होती. तिचा दाताशी संबंधच नाही. नाक आणि टाळू यांना जोडणाऱ्या गर्भावस्थेतल्या नळीच्या अवशेषातून ती होते. दोन्ही दात जिवंत होते. थंड स्प्रेला दोन मिनिटं दिली असती तर दोन निरोगी दात वाचले असते.

## टप्पा २: सुई घातल्याशिवाय खिडकी उघडू नका

हाडातली कुठलीही मोठी काळी सावली, हाडाला खिडकी पाडून, उघडण्याआधी सुईने ओढून पाहायची. १८ गेजची सुई आणि १० मिलीची सिरिंज घ्या. बारीक सुईतून घट्ट केराटिन (नखांत-केसांत असतं ते प्रथिन) येत नाही, मग ‘काहीच आलं नाही’ अशी चुकीची नोंद होते.

गवती पिवळं पाणी आलं आणि उजेडात धरल्यावर त्यात चमक दिसली तर ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. रॅडिक्युलर किंवा डेंटिजेरसकडे कल. पांढरट, साईसारखं घट्ट काही आलं तर ओकेसीचा विचार करा. याला पू समजून अँटिबायोटिक देऊन रुग्णाला घरी पाठवणं ही नेहमीची चूक आहे. काचपट्टीवर पसरून ते प्रयोगशाळेत पाठवा, केराटिनचे पापुद्रे लगेच दिसतात. नुसती हवा आली तर सुई सायनसमध्ये असू शकते. काहीच आलं नाही तर गाठ भरीव असू शकते, अमेलोब्लास्टोमाचं (दात घडवणाऱ्या पेशींच्या, हाडात शिरणाऱ्या ट्यूमरचं) नाव यादीत वर घ्या.

सावध: लाल भडक रक्त आपोआप, जोराने सिरिंजमध्ये भरू लागलं तर तिथेच थांबा. सुईच्या जागी दाब द्या, खिडकी उघडू नका, मोठ्या रुग्णालयात पाठवा. हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीला चेअरवर हात लावणं जिवावर बेतू शकतं.

## टप्पा ३: बाटली आदल्या दिवशी तयार ठेवा

अस्तर हातात आल्यावर बाटली शोधायला कुणाला तरी मेडिकलमध्ये पिटाळायचं, हा प्रकार थांबला तर माझे निम्मे खराब नमुने वाचतील.

बाटली रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. फॉर्मॅलिन आपल्या तुकड्याच्या किमान १० पट, जमलं तर २० पट. तुकडा पूर्ण बुडायला हवा आणि तळाशी चिकटून बसायला नको.

फॉर्मॅलिनच्या ताकदीवरून मोठा गोंधळ होतो. दुकानात मिळणारं फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिसळले की आपलं ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ होतं, म्हणजे प्रत्यक्षात त्यात साधारण ४ टक्केच फॉर्माल्डिहाइड असतं. कुणी तयार १० टक्क्यांची बाटली आणून त्यात पुन्हा नऊ पट पाणी घालतं आणि तुकडा कुजतो. कुणी मूळ द्रावण तसंच वापरतं, मग तुकडा बाहेरून कडक होतो आणि आत कच्चा राहतो. बफर केलेलं द्रावण घ्या. घरी करायचं तर एक लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम लागतं. पण खरं सांगायचं तर जिथे नमुना पाठवता त्याच प्रयोगशाळेतून भरलेल्या बाटल्या आणून ठेवणं सगळ्यांत सोपं. बफर नसलेल्या आम्लधर्मी द्रावणात रक्ताळलेल्या तुकड्यावर काळपट तपकिरी कण बसतात आणि स्लाइड वाचताना त्रास देतात.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, बीटाडीन यांपैकी काहीही चालणार नाही. सलाइन फक्त रक्त धुण्यापुरतं.

सावध: फॉर्मॅलिनच्या वाफांनी डोळे आणि नाक चुरचुरतात, आणि दीर्घ संपर्क कर्करोगकारक ठरलेला आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, चेअरजवळच्या ट्रेमध्ये ठेवू नका. एका सहायकाने ती बाटली स्थानिक भूल समजून सिरिंजमध्ये भरण्यापर्यंत गोष्ट गेलेली मला माहीत आहे. बाटलीवर लाल अक्षरात नाव लिहा.

## टप्पा ४: अस्तर काढताना

भूल गाठीच्या आत टोचू नका. पाण्याने ऊती फुगतात आणि स्लाइडवर पेशी एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात. भूल भोवती द्या.

क्युरेटची (चमच्यासारख्या खरवडणीची) खोलगट बाजू हाडाकडे ठेवून अस्तर सोलत आणा. रॅडिक्युलरचं अस्तर जाड असतं, दाहामुळे तंतुमय झालेलं, बऱ्याचदा अखंड पिशवीसारखं निघतं. ओकेसीचं अस्तर मात्र ओल्या टिश्यू पेपरसारखं पातळ, हात लावला की फाटणारं. तिथे सक्शन जवळ नेलं की निम्मा नमुना बाटलीऐवजी सक्शनच्या नळीत जातो. सक्शनला गाळणी लावा किंवा टोक दूर धरा. ओकेसीच्या संशयात हाडाच्या पोकळीत कार्नॉयचं द्रावण (उरलेल्या पेशी मारणारं) लावायचं ठरलं असेल तर ते अस्तर बाटलीत गेल्यावर, आधी नाही.

दात काढावा लागला तर अस्तर दाताला जिथे चिकटलं आहे तिथून फाडू नका. दात आणि पिशवी एकत्र बाटलीत टाका. दात वेगळा निघालाच तर अस्तर सीईजेवर होतं, मुळावर होतं, की क्राउनवर नुसतं पडलेलं होतं, हे तिथल्या तिथे सहायकाला सांगून लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा. दात नंतर कचऱ्यात गेला की ही माहिती कुणीही परत आणू शकत नाही.

गाठ मोठी असेल आणि फक्त तुकडाच घ्यायचा असेल तर तो कुठून घ्यायचा ते आधी ठरवा. पू असलेली, पू वाहण्याची वाट झालेली, लालसर जागा टाळा. अस्तरात आतल्या बाजूला उंचवटा किंवा गाठोळी दिसली तर तिथला एक तुकडा आणि गुळगुळीत भागातला एक, असे दोन वेगळे घ्या, वेगळ्या बाटल्यांत ठेवा. चिमट्याने तुकडा दाबू नका. दाबलेल्या पेशींची केंद्रकं धाग्यासारखी ओढली जातात आणि त्यांच्यावरून काही सांगता येत नाही.

पातळ तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी जाड कागदाच्या तुकड्यावर पसरून मिनिटभर ठेवा, मग कागदासकट बुडवा. तसाच टाकला तर तो गुंडाळतो. गुंडाळलेल्या अस्तराचा छेद तिरका जातो, तीन थरांचं अस्तर पंधरा थरांचं दिसतं आणि कधी कधी भिंतीत एपिथेलियमची बेटं असल्याचा भास होतो. या भासावरून अमेलोब्लास्टोमाची शंका येते आणि सगळ्यांची झोप उडते.

तपासा: अस्तराचे सगळे तुकडे बाटलीत गेले? दात किंवा त्याच्या जागेची नोंद झाली? कापूस किंवा गॉझ आत नाही ना?

## टप्पा ५: फॉर्म आणि पाठवणी

झाकणावर नाव लिहू नका, झाकणं बदलतात. बाटलीच्या अंगावर लिहा.

फॉर्मवर वय, बाजू, दाताचा क्रमांक, दातांची चेतना, दात काढल्याचा इतिहास, सुईने काय आलं, अस्तर जाड होतं की पातळ, दाताच्या कोणत्या भागाला चिकटलं होतं आणि तुमचा स्वतःचा अंदाज, हे लिहा. अंदाज चुकला तर हसायला कुणी बसलेलं नाही. तुमच्या अंदाजामुळे मी काय शोधायचं ते ठरवते. एक्स-रेची प्रत हवीच. मोबाइलवर पाठवलेला ओपीजीचा फोटोही चालतो, पण उजवी-डावी बाजू दिसली पाहिजे.

नमुना बहुतेक वेळा रुग्णाचा नातेवाईकच एसटीने घेऊन येतो. बाटली दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून, शोषून घेईल असा कापूस मधे घालून द्या. नमुना घेतल्यापासून फॉर्मॅलिनमध्येच हवा. बर्फ, फ्रिज, थर्मासची गरज नाही. थंडीत फॉर्मॅलिनचं काम मंदावतं, आणि गोठलेल्या ऊतीत बर्फाच्या सुया पेशी फाडतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका.

## टप्पा ६: प्रयोगशाळेत कापण्याआधी

इथून पुढचं मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी. तुकडा किमान ६ तास, जाड असेल तर रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये राहू द्या.

पिशवी उघडून आतली बाजू उजेडात पाहा. पिवळे ठिपके म्हणजे कोलेस्टेरॉल. पापुद्र्यांसारखा पांढरा माल म्हणजे केराटिन. सर्वांत महत्त्वाचं, बोटाने चाचपून जाड किंवा खडबडीत जागा शोधा. प्रत्येक जाड जागेचा वेगळा छेद द्या. नमुना लहान असेल तर सगळाच द्या. भिंतीत लपलेला अमेलोब्लास्टोमा दोन मिलिमीटरच्या गाठोळीत असू शकतो, आणि तीच कॅसेटमध्ये (तुकडे प्रक्रियेला ठेवायच्या डबीत) गेली नाही तर रिपोर्ट ‘डेंटिजेरस सिस्ट’ असा जातो.

दात जोडलेला असेल तर चिकटण्याची रेषा पाहून लिहा, मगच मऊ ऊती सोडवा. संपूर्ण दात मऊ करायला ऍसिडमध्ये टाकून मऊ अस्तराचीही वाट लावू नका. अस्तर वेगळं, हाडाचे कण वेगळे.

पॅराफिनमध्ये (मेणात) बसवताना अस्तर काठावर उभं राहिलं पाहिजे, आडवं नाही. ४ ते ५ मायक्रॉनचे छेद, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन. बाकीचे रंग नंतर, गरज पडली तर.

## टप्पा ७: स्लाइड वाचण्याचा क्रम

विद्यार्थी थेट ४० च्या लेन्सवर जातात आणि पहिल्याच दिसलेल्या पेशीवर निदान टांगतात. हा क्रम पाळा.

७अ. ४ च्या लेन्सवर संपूर्ण फेरी. अस्तर कुठे आहे, कुठे गळून पडलं आहे, दाह कुठे जास्त आणि कुठे कमी, ते नकाशासारखं डोक्यात घ्या. मग दाह नसलेला भाग शोधा. निदान तिथे करायचं. यामागचं कारण समजून घ्या: ओकेसीच्या अस्तरात दाह शिरला की त्याच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. केराटिन जातं, तळाची रांग मोडते, अस्तर जाड होतं आणि ते साध्या रॅडिक्युलरसारखं दिसू लागतं. फक्त दाहाचा भाग पाहून ‘संक्रमित ओडोन्टोजेनिक सिस्ट’ लिहिलं तर पुन्हा उद्भवणारी गाठ साधी ठरवून रुग्णाला घरी पाठवल्यासारखं होतं. मार्सुपियलायझेशन केलेल्या, म्हणजे तोंड पाडून हळूहळू आटू दिलेल्या, ओकेसीचं अस्तरही असंच बदललेलं असतं, म्हणून आधी नळी बसवली होती का, हे सर्जनला विचारा. निरोगी भाग सापडला नाही तर ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) आणखी खोल छेद मागवा.

७ब. अस्तराची जाडी आणि पृष्ठभाग. दोन ते चार पेशींचं, चपटं, केराटिन नसलेलं अस्तर आणि खाली सैल भिंत, तर रिड्यूस्ड इनॅमल एपिथेलियमची आठवण यावी, डेंटिजेरसकडे पाहा. अनियमित जाड, कमानींच्या जाळीसारखं पसरलेलं, पांढऱ्या रक्तपेशींनी भरलेलं अस्तर रॅडिक्युलरमध्ये मिळतं. पाच ते आठ पेशींची एकसारखी जाडी, वर लाटांसारखं सुरकुतलेलं पॅराकेराटिन (केंद्रकं टिकलेलं केराटिन), अस्तर आणि भिंत यांची सीमा सरळ सपाट, त्यामुळे जागोजागी अस्तर भिंतीपासून सुटलेलं: ही ओकेसी. केराटिनमध्ये केंद्रकं दिसत नाहीत आणि खाली दाणेदार थर ठळक आहे, तर ती ऑर्थोकेराटिनाइज्ड ओडोन्टोजेनिक सिस्ट. ही वेगळी गाठ आहे, फार क्वचित परत येते, तिला ओकेसी म्हणून रुग्णाला वर्षानुवर्षांची भीती देऊ नका.

७क. तळाची रांग. १० वरून ४० वर या. ओकेसीत तळाच्या पेशी गडद केंद्रकांच्या, द्राक्षबागेतल्या खांबांसारख्या एका ओळीत उभ्या असतात. डेंटल लॅमिनाची वाढण्याची जोमदार सवय या रांगेत टिकून राहिलेली आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगते. पण रांग दिसली म्हणजे ओकेसीच असं नाही. तळाची केंद्रकं गडद, रांगेत, पायापासून दूर सरकलेली आणि पेशींत पोकळी, तर १९७० साली विकर्स आणि गॉर्लिन यांनी सांगितलेले अमेलोब्लास्टोमाचे निकष आठवा. वरच्या पेशी ताऱ्यांसारख्या सैल झाल्या असतील तर युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमाचा विचार करायलाच हवा. न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती, तरुण रुग्णात, एक्स-रेवर अगदी डेंटिजेरससारखा दिसणारा हा ट्यूमर आहे.

७ड. अस्तरातल्या खास खुणा. ग्लायकोजेन भरलेल्या स्वच्छ पेशींचे चकत्यांसारखे जाड भाग, बाकी अस्तर एक ते तीन पेशींचं, आणि गाठ जिवंत दातांच्या मुळांमध्ये, खालच्या सुळ्या-उपदाढेच्या भागात: लॅटरल पेरिओडोंटल सिस्ट. केंद्रक नाहीसं झालेल्या, फिकट गुलाबी भुतासारख्या पेशी आणि त्यांत कॅल्शियम: कॅल्सिफाइंग ओडोन्टोजेनिक सिस्ट, कधी कधी ओडोन्टोमासोबत (दाताच्याच ऊतींच्या गाठीसोबत). पृष्ठभागावर फुगीर पेशी, म्यूकस पेशी आणि अस्तराच्या आतच छोट्या पोकळ्या: ग्लँड्युलर ओडोन्टोजेनिक सिस्ट. ही परत येते, आणि हाडातल्या म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाशी (एका कर्करोगाशी) तिची गल्लत होते. अशा वेळी एकट्याने निर्णय घेऊ नका, दुसऱ्या डोळ्यांना दाखवा.

एकदोन म्यूकस पेशी किंवा केसाळ पेशी दिसल्या म्हणून मात्र गडबडू नका. रॅडिक्युलर आणि डेंटिजेरसमध्येही त्या असू शकतात. तसंच केसाच्या पिनेसारख्या वाकलेल्या गुलाबी रश्टन बॉडीज दिसल्या तर गाठ दाताच्या पेशींतून आली एवढं कळतं, कोणती ते नाही.

७इ. भिंत. कोलेस्टेरॉल प्रक्रियेत विरघळून जातं, म्हणून त्याच्या जागी सुईसारख्या रिकाम्या फटी दिसतात. भिंतीत लहान डॉटर सिस्ट (मूळ गाठीतून फुटलेल्या छोट्या सिस्ट) किंवा एपिथेलियमची बेटं आहेत का ते पाहा. ओकेसीत त्या असल्या तर परत येण्याची शक्यता वाढते. वरच्या जबड्याच्या मधोमध गाठ, भिंतीत मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या: नेझोपॅलेटाइन.

सावध: अक्कलदाढेच्या निरोगी फॉलिकलची भिंत सैल, चिकट असते आणि तिच्यात एपिथेलियमची बेटं असतातच. तिला मिक्सोमा (चिकट ऊतीचा ट्यूमर) किंवा अमेलोब्लास्टोमा म्हणण्याची चूक वारंवार होते. फॉलिकल आणि छोटी डेंटिजेरस यांतला फरक तर स्लाइडवर बहुधा कळतच नाही. ‘क्राउनभोवती पाणी भरलेली पोकळी होती’ हे सर्जनचं एक वाक्य आणि एक्स-रेवरचं अंतर, यांवरच ते ठरतं. पाचव्या टप्प्यातला फॉर्म इथे उपयोगी पडतो.

## टप्पा ८: रिपोर्ट आणि एक्स-रे जुळत नाहीत तेव्हा

रिपोर्ट ‘रॅडिक्युलर सिस्ट’ आणि सगळे दात जिवंत? फोन करा. रिपोर्ट ‘डेंटिजेरस’ आणि त्या जागी न उगवलेला दातच नाही? फोन करा. एक्स-रेवर क्राउनभोवती गाठ आणि स्लाइडवर ओकेसी, हे मात्र विसंगत नाही. ओकेसी न उगवलेल्या दाताला वेढून बसू शकते.

लहान मुलांत एक वेगळा प्रकार दिसतो. मेलेल्या दुधाच्या दाढेखाली, ११-१२ व्या वर्षी येऊ घातलेल्या खालच्या उपदाढेच्या क्राउनभोवती सिस्ट होते. दाह वरून उतरलेला असतो आणि अस्तर जाड असतं, म्हणून स्लाइड रॅडिक्युलरसारखी वाटते. फॉर्मवर दुधाच्या दाढेचा उल्लेख असेल तरच दाहामुळे झालेली डेंटिजेरस असं नेमकं लिहिता येतं. फायदा असा की दुधाची दाढ काढून गाठ उघडी केली तर खालची उपदाढ बऱ्याचदा आपोआप वर येते, तिला काढावं लागत नाही.

ओकेसी एकापेक्षा जास्त ठिकाणी असेल, किंवा रुग्ण शाळकरी वयाचा असेल तर तळहात आणि तळपाय नीट पाहा. बारीक खड्डे दिसले तर छातीचा आणि डोक्याचा एक्स-रे सांगा: दुभंगलेली बरगडी, मेंदूच्या मधल्या पडद्यात कॅल्शियम. गॉर्लिन सिंड्रोमचा पहिला पुरावा बऱ्याचदा दंतवैद्यालाच सापडतो. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी लागते, कारण हे पीटीसीएच१ जनुकाशी निगडित आणि अनुवांशिक आहे.

आणखी एक गोष्ट. २००५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ओकेसीला ट्यूमर म्हटलं होतं, २०१७ मध्ये तिला पुन्हा सिस्टमध्ये घेतलं. जुन्या रिपोर्टवर ‘केराटोसिस्टिक ओडोन्टोजेनिक ट्यूमर’ दिसलं तर ती हीच गाठ. ‘ट्यूमर’ शब्द वाचून घाबरलेल्या नातेवाइकांना हे समजावून सांगा. आणि ‘सिस्टच आहे’ म्हणून पुढची तपासणी सोडूनही देऊ नका.

## टप्पा ९: नंतरच्या वर्षांची नोंद

रॅडिक्युलरला सहा महिने आणि वर्षाने एक्स-रे घेऊन हाड भरतंय का ते पाहा. दात ठेवला असेल तर त्याचं रूट कॅनाल नीट भरलंय ना, तेही बघा. ओकेसीला पहिली पाच वर्षं दरवर्षी ओपीजी, मग दोन वर्षांतून एकदा. बहुतेक पुनरावृत्ती पहिल्या पाच वर्षांत होते, पण दहा वर्षांनी परत आलेलीही मी पाहिली आहे. युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा भिंतीत शिरलेला असेल तर तो साध्या खरवडीवर सोडू नका, सर्जनकडे परत पाठवा.

ऊसतोडीला जाणारी, मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेली माणसं तारखेला येत नाहीत. घरातल्या एखाद्या बाईचा किंवा भावाचा नंबर घ्या आणि रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या. रिपोर्टवर छापलेला ब्लॉक क्रमांक पेनाने गोल करून दाखवा आणि तो कागद जपून ठेवायला सांगा. गाठ परत आली तर नवीन फॉर्मवर तो क्रमांक लिहा, म्हणजे जुनी आणि नवी स्लाइड एकाच टेबलावर शेजारी ठेवून पाहता येते.